उलटा उतार

दुपारचा दीड वाजलाय. पॉलिटेक्निकच्या मुलींच्या वसतिगृहात, तळमजल्यावरच्या खोलीत, समिधा कोळेकरचे डोळे मिटत चाललेत. समोर दोन स्टुलांवर आडवी टाकलेली काच, काचेखाली पेटता टेबललॅम्प आणि काचेवर एकावर एक ठेवलेल्या दोन शीट. वरची समिधाची. खालची मूळ कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. अकरा वर्षं ती एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जाते आहे. खालून उजेड आला की जुन्या रेषा वर दिसतात, त्या पेन्सिलीने गिरवायच्या. मुलं याला जीटी मारणं म्हणतात. तीन वर्षांत बाकी काही येवो न येवो, हे प्रत्येकाला येतं.

शीट आहे एका घराच्या सांडपाण्याच्या नकाशाची. उजवीकडे घर, डावीकडे रस्त्याची गटारलाइन, मधे पाइप आणि पाइपावर उतार दाखवणारा बाण. तो बाण उजवीकडे, घराकडे तोंड करून आहे. म्हणजे सगळी घाण घरात.

सकाळी हे लक्षात आलं तेव्हा समिधाने पेन्सिल खाली ठेवली होती. तिची खोलीतली मैत्रीण फिरदोस केस विंचरता विंचरता म्हणाली होती की सगळ्यांचा तोच बाण आहे, तू काय नवीन पाणी शोधून काढणार? नव्या मॅडम त्याच शीटची एक जुनी नक्कल समोर ठेवून तपासतात. ज्याचा बाण वेगळा त्याच्यावर लाल गोल. एवढं बोलून फिरदोस आपली शीट गुंडाळून द्यायला गेली.

लाल गोल समिधाला परवडणारा नाही. डिप्लोमा नव्वद टक्क्यांच्या वर गेला तरच पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, आणि ती काठावर आहे. शीट पाच वाजेपर्यंत द्यायची. तिने बाण गिरवला. जरा जास्तच दाबून गिरवला.

तापलेल्या कागदाला वास येतोय, अकरा वर्षांच्या घामट बोटांचा, वडापावच्या तेलाचा. एका कोपऱ्यात चिरडलेला डास आहे. मागच्या वर्षी एकाने तोही नळ समजून गिरवला होता, आणि त्याला पूर्ण मार्क मिळाले होते. हात सरळ पुढे शीटवर पसरून समिधा दंडावर डोकं टेकते. दोनच मिनिटं.

“झोपलीस की विचार करतेयस?”

काचेपलीकडच्या तिसऱ्या स्टुलावर हत्तरकी सर बसलेत. बाहीला खडू लागलेला, पॅंट घोट्याच्या वर दुमडलेली. पहिल्या वर्षाला त्यांनीच तिला पट्टी कशी धरायची ते शिकवलं, चार वेळा चुकली तर पाचव्यांदा. पुढच्याच वर्षी, पौषात, ते गेले. समिधा त्यांच्या घरी जाऊनही आली होती. तरी आत्ता ते दिसल्यावर तिला पहिल्यांदा सुचतं ते शीट झाकणं.

“झाकू नको. माझीच आहे ती.”

“तुमची?”

“फळ्यावरची. चल, घर दाखवतो तुला.”

ते काचेवर पाय ठेवतात आणि काच ही फरशी आहे. खालून पिवळा उजेड येतोय. शीटवरच्या रेषा कमरेएवढ्या होतात, मग छाताडाएवढ्या, मग त्या भिंतीच आहेत. समिधा ज्या स्वयंपाकघरात उभी आहे ते तिने सकाळी दहा वाजता गिरवलेलं आहे. एक बाई पाटावर बसून भाकरी वाढतेय. मोरीतून गुळगुळ आवाज येतो.

आधी फेस येतो. मग केसांचा गुंता, त्यात अडकलेली शितं, मग काळं, जाड पाणी. वास तोंडात शिरतो, जिभेवर बसतो. पाणी पाटाशी पोचतं. बाई पाट दोन वीत मागे सरकवते आणि ताटात कालवण वाढते.

“बाई, उठा तिथून,” समिधा म्हणते.

“उठून कुठं जाऊ? घर असंच बांधून दिलंय,” बाई म्हणते. तिच्या आवाजात तक्रारसुद्धा नाही, आणि समिधाला त्याचीच सगळ्यात जास्त किळस येते.

खिडकीबाहेर तसंच घर आहे. त्याच्यापुढे तसंच. तिच्या वर्गातल्या अडतीस जणांची अडतीस घरं, एका ओळीत, आणि प्रत्येकाच्या मोरीतून तोच आवाज. एका घराच्या भिंतीतून नळाच्या जागी डासाचा पाय बाहेर आलाय.

“मी नाही काढलं हे, सर. मी नुसतं गिरवलं.”

“हो ना. या बाईंना सांग तसं.”

समिधा बाईंकडे बघत नाही. सरांच्या चपला पाण्यात बुडाल्यात, पण ते वर्गात उभे राहायचे तसेच उभे आहेत, घाई नसलेले. वर्गात ते प्रत्येक आकृतीत एक चूक मुद्दाम ठेवायचे. तासाच्या शेवटी विचारायचे, सापडली का? सापडली त्याला आलेपाकाची वडी. समिधाने पहिल्या वर्षी सात वड्या खाल्ल्या होत्या.

“म्हणजे हा बाण—”

“ती त्या दिवशीची चूक. एका मुलाने सगळं झकास उतरवून घेतलं. पण करमाळ्याची एसटी गाठायची म्हणून दहा मिनिटं आधी उठला.” सर थोडे हसतात. “अकरा वर्षं झाली. वडी माझ्या खिशात तशीच आहे. मुंग्या लागल्या.”

ते खिसा उलटा करतात. खरंच मुंग्या निघतात, ओळीने, आणि पाण्यावर चालत जातात.

“सर, बाण फिरवला तर चेंबरच्या सगळ्या पातळ्या बदलतात. सगळी शीट नव्याने काढावी लागेल. आणि एवढं करून मॅडम लाल गोल करणार. माझं पुणं जाईल.”

ही गोष्ट ती आतापर्यंत कुणाशीच बोललेली नाही. सर ती नीट ऐकून घेतात. जाणार नाही, असं ते म्हणत नाहीत.

“जाईल कदाचित,” ते म्हणतात. “मॅडमना एकदा तांब्याभर पाणी ओतून दाखव. तरी नाही पटलं तर नाही पटलं. पण समिधा, पुण्यात तरी पाणी वर चढतं का?”

पाणी तिच्या घोट्याला लागतं. कोमट आहे, माणसाच्या अंगाइतकं. तिला ओकारी येते.

“हात दे,” सर म्हणतात. आणि तिच्या मनगटाखाली खडूचा अंगठा दाबतात.

समिधाला जाग येते. लॅम्पच्या धगीने हात घामेजलाय. तोंडात कडवट चव. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. समोरच्या स्टुलावर फिरदोसचा कंगवा, बाकी कुणी नाही.

ती हात उचलते तर शीटवर तिने दाबून काढलेला बाण पुसट झालाय. हात उताणा करते. मनगटाखाली, घामाला चिकटून, तो बाण उमटलाय. शीटवर उजवीकडे होता. हातावर त्याचं तोंड डावीकडे आहे, घरापासून दूर, रस्त्याकडे.

ती बाथरूममध्ये जाते, चूळ भरते, चेहरा धुते. मनगट तेवढं कोरडं ठेवते. चूळ भरलेलं पाणी फरशीवरून जाळीकडे वाहत जातं आणि दिसेनासं होतं. ते पुरतं जाईपर्यंत ती बघत उभी राहते.

खोलीत येऊन ती दोन्ही शीट काढून गुंडाळते. नवी, कोरी शीट काचेवर पसरते, चार कोपऱ्यांना टेप लावते, पेन्सिलीला टोक करते. मग खाली वाकून काचेखालचा दिवा बंद करते.