खुर्चीखालची खूण

खुर्चीताईंवर लिहा, असं योकोहामातल्या मराठी मंडळींनी मला कितीदा तरी सांगितलं. दर वेळी मी तब्येतीचं कारण पुढे केलं. आता तब्येत खरोखरच उतरली आहे, म्हणून लिहायला बसलो.

ताई कुठलीही खुर्ची उलटी करून पाहिल्याशिवाय तिच्यावर बसत नसत. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा त्यांनी टेबलाजवळची खुर्ची पालथी घातली, वाकून पाहिलं आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "स्क्रू आहेत, म्हणजे आजकालची. असू देत, आमटी चांगली असली म्हणजे झालं."

माहेर पुण्याचं, सासर जपानी. सासरे डोंगरावरच्या परदेशी बंगल्यांतल्या मोडक्या खुर्च्या दुरुस्त करत. नवऱ्यानं पुढे जुन्या फ्रेंच खुर्च्यांचं दुकान काढलं आणि तो गेल्यावर ताईंनी ते एकटीनं चालवलं. मी बँकेतून निवृत्त होऊन इथेच राहिलेला. मला त्या 'बँकसान' म्हणत, म्हणजे जपानीत बँकराव. दुपारचा चहा त्यांच्या दुकानात घ्यायचा, हाच माझा उद्योग.

चहाबरोबर इतिहास फुकट. "पंधराव्या लुईच्या खुर्चीचे पाय बाकदार, सोळाव्याच्या खुर्चीचे सरळ," त्या सांगत. "पाय सरळ करून काय उपयोग, शेवटी डोकंच गेलं बिचाऱ्याचं." हात टेकायच्या दांड्या पुढून मागे सरकवलेल्या असत, त्यावर बोट ठेवून म्हणत, "का सांगा? बायकांचे घेरदार झगे मावावेत म्हणून. आमच्या पुण्यात कुणी केला होता का असा विचार?"

एका बाबतीत मात्र त्या थट्टा करत नसत. खुर्चीला नवं लाकूड लावलं की बैठकीच्या खाली, त्या जागी, खडूनं एक फुली मारायची. गिऱ्हाईक आलं की आधी ती फुली दाखवायची, मग खुर्ची. "मुलीचं दुखणं आधी सांगावं, बँकसान. मग खुशाल पोहे द्यावेत."

दोन हजार अकरा सालच्या मोठ्या भूकंपात दुकानातलं एक कपाट लंबगोल पाठीच्या खुर्चीवर कोसळलं. सोळाव्या लुईच्या काळातली, दुकानातली सगळ्यांत देखणी खुर्ची. तिचा पुढचा पाय गेला. ताईंनी नवा पाय करून बसवला, फुली मारली आणि मुलीकडे, इचिकावाला गेल्या. धक्के थांबत नव्हते, नातू रात्री दचकून रडत होता. जाताना किल्ली माझ्याकडे दिली.

ते दिवस वाईट होते. वीज जायची, कोन्बिनीतले, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातले, रॅक रिकामे असायचे, खुर्च्या घ्यायला कोण येणार? दुकान राहतं की जातं अशी वेळ. आणि एके दिवशी ताईंच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, एका हॉटेलमालकाचा फोन आला : तीच खुर्ची बघायला येतो. मला वाटलं, आधीच सगळीकडे मोडतोड, त्यात याला नवा पाय दिसला तर हा चहासुद्धा न घेता जाईल. मी रुमाल ओला केला आणि फुली पुसली. त्यानं खुर्ची उलटी करून पाहिली. फुली नाही म्हणजे सगळं जुनं, हे त्याला ठाऊक होतं. घेऊन गेला. मी ताईंना फोनवर आनंदानं सांगितलं. फुलीचं सांगितलं नाही.

धक्के ओसरल्यावर ताई दुकानात परत आल्या. पुढच्या वर्षी हॉटेलमालकाच्या कारागिराला नवा पाय सापडला. मालक स्वतः खुर्ची घेऊन आला. आवाज चढवला नाही, उलट तसदीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि पुन्हा कधी आला नाही. तो गेल्यावर ताईंनी खुर्ची पालथी केली. बराच वेळ बघत राहिल्या.

"फुली नाही. मी मारली होती ना, बँकसान? हाताला खडू लागलेला मला आठवतोय."

हीच वेळ होती. मी म्हणालो, "ताई, वय झालं आता आपलं."

त्यांनी ते खरं मानलं. आयुष्यात एकदाही न चुकलेली गोष्ट आपण विसरलो, म्हणजे आता आपला भरवसा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. वर्षाच्या आत दुकान आवरलं आणि इचिकावाला राहायला गेल्या.

सगळं सांगायचंच म्हणून मी एकदा तिकडे गेलो. ताई तशाच होत्या, बोलणं तसंच धारदार. पण दर पाच मिनिटांनी उठून विचारायच्या, "मिका, गॅस बंद केला ना गं मी?" मुलगी आतून जपानीत हो म्हणायची, थकलेल्या आवाजात. तरी ताई स्वतः जाऊन बघून यायच्या.

मी म्हणालो, "ताई, त्या खुर्चीचं..."

"राहू द्या ते," त्या म्हणाल्या. "मलाच बोलायचं होतं. अडचणीत तुम्ही माझं दुकान सांभाळलंत आणि मी खूण न केलेला माल तुमच्या हाती सोपवला. त्या माणसासमोर तुमची मान खाली गेली. मला माफ करा." आणि इथल्या रीतीप्रमाणे त्या कमरेत पूर्ण वाकल्या.

मीही वाकलो. "त्यात काय एवढं, ताई," असं म्हणालो, चहा संपवला आणि स्टेशनवर आलो.

पुढच्या थंडीत त्या गेल्या. मला दोनच वाक्यं बोलायची होती. ताई, तुम्ही काही विसरला नव्हतात, फुली मी पुसली. मला माफ करा.