सलाम घेणारा साहेब

ती केस आठवली की आजही आधी हसू येतं आणि मागोमाग राग. मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यात ठाणेदार होतो. खासगी सुरक्षा एजन्सीला परवाना आणि रखवालदाराला प्रशिक्षण सक्तीचं करणारा कायदा नवा नवा आला होता.

आखाडा बाळापूरजवळच्या एका गोदामातून भर दुपारी टेम्पोभर हळद गेली. फिर्याद नोंदवून होते न होते तोच सुरक्षा एजन्सीचा मालक ठाण्यात हजर! खुर्ची ओढत म्हणाला, "साहेब, आतली खबर देतो. माझाच वॉचमन सामील आहे. त्याला आत टाका, विषय संपवा."

त्याची घाई मला कळत होती. त्याचा परवान्याचा अर्ज पोलीस अहवालासाठी माझ्याच टेबलावर होता. वॉचमन चोर ठरला की एजन्सी नामानिराळी.

वॉचमन पन्नाशीचा होता. मेंढ्या विकून या नोकरीत आलेला. गणवेशाची बाही पार बोटांपर्यंत आलेली. त्याला चौकशीला बसवला.

"मामा, टेम्पो आत सोडलाच काहून?"

"साहेब, पुढं जीप होती. गाडी दिसली की सलाम ठोकायचा अन् गेट उघडायचं, एवढंच शिकवलं आमाला."

"आणि पोती?"

"ते बी उचलू लागलो. साहेब लोकायला न्हाई कसं म्हणावं?"

हवालदार तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाले. मला मात्र मामाची कीव आली. एवढ्या जबाबावर कोणीही त्याला आत टाकलं असतं.

"तो साहेब कसा होता?"

"गॉगल होता. माणूस चांगला वाटला. माझा सलाम घेतला ना त्यानं! टाच जुळवून, कडक."

मी ताठ बसलो. जीपमधून उतरणारे साहेब वॉचमनचा सलाम घेत नाहीत, हे आम्हा साहेबांना पक्कं ठाऊक असतं. टाच जुळवणारा हा गडी स्वतःच कुठल्या तरी गेटवर उभा राहिलेला असणार.

एजन्सीची नोकरी सोडून कोण गेलं, असं मालकाला विचारलं. बरेच आढेवेढे घेऊन त्याने आपल्याच एका जुन्या वॉचमनचं नाव सांगितलं. तो इसम वारंगा फाट्यावर सापडला आणि हळदही जशीच्या तशी मिळाली. ओळख पटवायला मामाला समोर आणलं, तर त्याने सवयीने सलाम ठोकला. चोराने बेड्यांसकट तो घेतला.

मामा सुटला. मालक मात्र "वर बोलणं झालंय" म्हणत अहवालासाठी खेटे घालू लागला. प्रशिक्षण नाही म्हणून एका लहान एजन्सीचा अर्ज मी आधीच परत पाठवला होता. यालाही तेच लिहिलं. कायद्याने मालकालाही प्रशिक्षण घ्यावं लागणार होतं. मग मामासोबत तोही घाम पुसत मैदानावर उभा राहिला.

प्रशिक्षण देणाऱ्या उस्तादांनी विचारलं, "अनोळखी जीप गेटवर आली. काय कराल?"

मालक म्हणाला, "आधी गाडी कोणाची ते बघू."

उस्तादांनी त्याला पुन्हा पहिल्या धड्यावर बसवलं. मी मात्र तिथेच एक गोष्ट शिकलो. गाडी कोणाची ते पाहून गेट उघडणारा वॉचमन काय आणि अर्ज कोणाचा ते पाहून परवाना देणारा अधिकारी काय, दोघांच्याही डोळ्यांदेखत हळद जाणारच.