चांगल्यातलं हेल्मेट

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत एकीनं डबा उघडता उघडता सुरुवात करायची, दुसरीनं त्यात तिखटमीठ घालायचं, आणि चहा येईपर्यंत किस्सा सगळ्या टेबलाच्या मालकीचा! जिची फजिती झाली असेल तिला मग त्यावर काही बोलायची सोय राहत नाही.

मी घाटकोपरच्या एका औषध कंपनीत टेलिफोन बोर्डावर बसते. दिवसभर ह्याला त्याच्याशी जोडून द्यायचं. स्वतःचं बोलायला मिळतं ते फक्त दुपारच्या त्या अर्ध्या तासात, त्यामुळे जे सांगू नये तेही मी सांगून बसते. आमच्या टेबलावर हेल्मेटचे बरेच किस्से साठलेत आणि एकूण एक माझ्या घरचे आहेत. लाज वाटते. पण दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेले बरे.

* * *

झालं असं, की सुधीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोटारसायकल घेतली. सेकंडहँड. आम्ही राहतो मुलुंडला, त्याचा कारखाना अंधेरीला. बस बदलून बदलून वैतागला होता बिचारा. घरात सगळे खूश. मुक्ता, आमची तीन वर्षांची मुलगी, तर नुसत्या हॉर्नवर खूश!

मी मात्र त्या दिवसापासून रोज संध्याकाळी गॅलरीत. त्याला जरा उशीर झाला की मी त्याला मनातल्या मनात हॉस्पिटलात पोचवलेलं असायचं. एकदा तर मुक्ताला एकटीनं वाढवून, शिकवून तिचं लग्नही लावून दिलं. कन्यादान कोण करणार म्हणून डोळे भरून आले, तेवढ्यात हा दारात. "चहा टाक गं!"

शेवटी डब्यावर जाहीर केलं, "हेल्मेट घेणार. आणि चांगल्यातलं घेणार. स्वस्तातलं नको."

समोर सुलभा बसली होती. आमची टायपिस्ट. जन्म परळचा, पण फटकळ बोलायचं झालं की जीभ थेट मालवणात जाते.

"गो, आधी डोक्यात काय आसा ता बघ! मगे वरसून किती पैशे घालूचे ता ठरव!"

सगळं टेबल हसलं. मीही हसले. डोकं माझ्याच नवऱ्याचं आहे हे जरा उशिरा लक्षात आलं.

* * *

हेल्मेट आणायला सुलभालाच घेऊन गेले. स्टेशनजवळचं दुकान. शेठनं काउंटरवर तीन नग मांडले. पहिलं दूध तापवायच्या पातेल्यासारखं, नुसतं टाळूपुरतं. दुसरं कान झाकणारं. तिसरं फुल फेस! हनुवटीपर्यंत बंद, पुढे काच, आत पांढरीशुभ्र गादी. त्याची किंमत ऐकून सुलभा दुकानातल्या सायकलच्या घंटा वाजवून बघायला लागली.

मी धीर करून विचारलं, "शेठ, तिन्ही डोक्यावरच घालायची ना? मग भावात एवढा फरक कसला?"

"बेन, फरक पहननेवाले को नहीं समझता," शेठ शांतपणे म्हणाला, "गिरनेवाले को समझता है!"

 मग शेठनं साइज विचारली. आता साइज कुठे आणली होती? ब्लाउजचं माप आणतो आपण, डोक्याचं कोण आणतं? म्हटलं, माझ्यापेक्षा थोडं मोठं असेल, घालूनच बघते. आणि ते फुल फेस मी अंबाड्यावरून खाली ओढलं.

आत गेलं. बाहेर येईना!

आतून मला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे मला वाटलं की माझंही कुणाला ऐकू जात नसणार. मी जीव तोडून ओरडायला लागले, "सुलभा! अगं अडकलं! पिना टोचतायत! ओढ ना!" शेजारच्या साड्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकं पायरीवर येऊन उभी राहिली म्हणे. सुलभा वरून ओढतेय, शेठ काउंटरवरून ओरडतोय, "बेन, धीरे! माल नया है!"

निघालं एकदाचं. अर्धा अंबाडा त्याच्याबरोबर गेला. आणि त्या पांढऱ्याशुभ्र गादीवर माझ्या खोबरेल तेलाचा हा एवढा डाग!

शेठनं डागाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "अब ये कौन लेगा?"

मी घेतलं. तेव्हापासून कुणीही विचारलं, एवढं महागाचं का गं घेतलंस, तर मी मान ताठ करून सांगते, "सेफ्टीच्या बाबतीत तडजोड नाही!" सुलभा तेवढ्यापुरती खिडकीबाहेर बघते.

* * *

घरात नवी वस्तू आली की सासूबाई तिला हळदकुंकू वाहतात. मिक्सरला वाहिलं, गाडीला वाहिलं, हेल्मेट कसं सुटेल? पाटावर ठेवलं, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, फूल वाहिलं. आता नारळ फोडायचा. ओट्यावर फोडायची सोय नाही, कारण ओट्याच्या लाद्या नुकत्याच बसवलेल्या.

"ह्याच्यावरच फोडते की," सासूबाई म्हणाल्या, "एवढे पैसे घातलेत ना?"

मी "अहो आई" म्हणेपर्यंत धाडकन आवाज! नारळाची दोन भकलं. हेल्मेटवर नुसता एक बारीक पांढरा ओरखडा. सुधीरनं टाळ्याच वाजवल्या. "झकास! पैसे वसूल!"

मला मात्र घोर लागला. वरून धड दिसतंय, पण आतून काही पिचलं असेल तर? रोज ते दाबून बघायचे, कलिंगड दाबून बघतात तसं. कळत काहीच नव्हतं. शेवटी न राहवून सासूबाईंना म्हटलं, "नारळ फोडायला नको होता हो त्याच्यावर."

"अगं, कोकणात जन्म गेला माझा," त्या म्हणाल्या. "नारळ डोक्यात पडून गेलेली माणसं पाहिलीत मी. मोटारसायकलवरून पडून गेलेला एकसुद्धा नाही. हे बघून घ्यायलाच हवं होतं!"

आमच्या बिल्डिंगच्या आसपास नारळाचं एकही झाड नाही. पण त्या दिवसापासून मुलाच्या बाबतीत सासूबाई अगदी निर्धास्त झाल्या. मी त्यांच्यासारखी असते तर किती बरं झालं असतं.

* * *

एका शनिवारी सुधीर कारखान्यातून येताना अंडी घेऊन आला. पिशवी न्यायला विसरला होता, म्हणून हेल्मेटमध्ये कागद घालून त्यात अंडी, आणि हेल्मेट हँडलला! अंधेरी ते मुलुंड, मधले सगळे खड्डे धरून.

"एकही फुटलं नाही!" तो ओट्यावर एकेक मांडत म्हणाला. "बघ! तू म्हणत होतीस ना चांगल्यातलं घेऊ? मानलं तुला!"

लग्न झाल्यापासून मला मानल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी सोमवारी डब्यावर अगदी रंगवून सांगितलं. आत गादी कशी, खड्डे कसे, आणि एकही अंडं कसं नाही फुटलं. स्वस्तातलं असतं तर आमलेटच झालं असतं, असंही वर म्हणाले.

कांबळेबाई आमच्या अकाउंट्सच्या. बोलतात कमी. भावानं फुटपाथवरून घेतलेलं हेल्मेट अपघातात कसं फुटलं, ते त्या कधीतरी सांगून गेल्या होत्या, तेवढंच. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि विचारलं,

"आणि डोकं कशातून आणलं त्यांनी?"

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

* * *

मग घरी उलटतपासणी. "घालतोस की नाही?" "घालतो गं." "रोज?" "रोज." "शनिवारी?" "शनिवारी अंडी होती ना!"

ह्यावर कुठल्या बाईचा विश्वास बसेल? आणि माझ्यासमोर तर टेलिफोनचा बोर्ड! दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे फोन जोडून झाल्यावर मी हळूच त्याच्या कारखान्याच्या गेटवर फोन लावला. वॉचमननं उचलला. मी अगदी गोड आवाजात विचारलं, "सुधीर साटम आले का हो? हेल्मेट डोक्यावर घालून आलेत का, तेवढं जरा बघून सांगता?"

"कोण बोलतंय?"

"घरून."

वॉचमन सज्जन माणूस. त्यानं रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि तिथूनच बोंब ठोकली. वेळ नेमकी पाळी बदलायची. माझ्या कानाला हेडफोन, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"ओ साटम! घरून फोन आहे! टोपी घातलीस का विचारतायत!"

अख्खी पाळी हसलेली मी कानात ऐकली. मग पुन्हा वॉचमनचा आवाज, "बाई, टोपी आणलीय हो. हँडलला आहे."

संध्याकाळी सुधीरनं आधी जेवून घेतलं. मग म्हणाला, "तिथे सगळे म्हणायचे, काय साटम, चंद्रावर चाललास काय? म्हणून काढून ठेवत होतो मी. आता काय म्हणतात माहितेय? बाळ आलं, म्हणतात. बाळाची टोपी आली, म्हणतात."

मी माफी मागितली. खरंच मागितली. तो कूस बदलून झोपला. मी जागीच. सकाळी बघते तर ह्यानं खिळ्यावरचं हेल्मेट काढलं आणि जिना उतरायच्या आधीच डोक्यावर चढवलं.

"आजपासून घालतो," आतून आवाज आला. "अब्रू तर गेलीच आहे. डोकं तरी राहू दे!"

* * *

आणि घालायलाही लागला. रोज! मी इतकी सुखावले, की गॅलरीत उभं राहणंसुद्धा कमी केलं.

त्यानंतरचीच गोष्ट. रविवारी घाटकोपरला माझ्या मावसबहिणीकडे बारसं होतं. तिघंही गाडीवरून गेलो. परत येताना मुक्ता पुढे टाकीवर, मधे सुधीर, मागे मी, मांडीवर घुगऱ्यांचा डबा. सुधीरचं हेल्मेट उन्हात नुसतं चमकत होतं. शेजारून बोडक्या डोक्यानं स्कूटरवाले जात होते. मला त्यांची कीव येत होती. म्हटलं, कसली माणसं ही! ह्यांना काय घरी बायकामुलं नाहीत?

भांडुपच्या सिग्नलला थांबलो. बाजूला रिक्षा येऊन उभी राहिली. रिक्षात एक म्हाताऱ्या बाई, नऊवारी, मांडीवर पिशवी. आमच्याकडे बघत होत्या. आधी सुधीरच्या हेल्मेटकडे, मग मुक्ताकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, कौतुकानं बघतायत. मी हसले.

त्या रिक्षातून जरा बाहेर वाकल्या. चिडून नाही, टोमणा मारूनही नाही. खरंच माहीत नसावं म्हणून विचारतात ना, तसं विचारलं,

"साहेब, तुमचं डोकं महागाचं दिसतंय. ही दोन काय त्याच्यावर फुकट मिळाली?"

सिग्नल सुटला. रिक्षा गेली. मागून हॉर्न वाजायला लागले.

सुधीरनं गाडी पुढे काढली ती सरळ रस्त्याच्या कडेला. इंजिन बंद केलं. मुक्ताला खाली उतरवलं. मी आपोआपच उतरले.  तो गाडी ढकलायला लागला, मी मुक्ताला कडेवर घेतलं आणि आम्ही नाहूरवरून मुलुंडपर्यंत चालत आलो. सुधीरनं हेल्मेट काढलं नाही. मीही काढ म्हणाले नाही.

बिल्डिंगच्या कोपऱ्यावर आमचा वाणी दुकानाबाहेर स्टूल टाकून बसला होता. भोवती ओळखीची दोन-चार माणसं.

"काय साटम? पेट्रोल संपलं?"

"हो," हेल्मेटमधून आवाज आला.

"नाही काही!" मुक्ता माझ्या कडेवरून ठणठणीत आवाजात ओरडली. "आईचं आणि माझं डोकं फुकटचं आहे!"

वाणी माझ्याकडे बघायला लागला. सगळेच बघायला लागले.

सुधीरनं हळूच हेल्मेटची काच खाली ओढली.