उजवा कौल

तुमच्या ओळखीत पिशवी काढलेली एखादी बाई असेलच. ती काढायचं कुणी ठरवलं, हे तुम्ही तिला कधी विचारलंय का?

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्या बीड जिल्ह्यात हा शब्द बाजाराच्या पिशवीइतका सहज निघतो. "तिची काढली का?" "मागल्याच साली." एवढं बोलून बायका पुन्हा निवडणं-टिपणं करायला लागतात.

मी पत्रकांवर वाढले. वडील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतले. घरात धान्यापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. म्हणून माझी मावसबहीण, जिला मी आक्का म्हणते, साती आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचा, कौल लावायला धबधब्यावर निघाली तेव्हा मी संतापले, आणि तिला अडवायचं ठरवूनच बरोबर गेले.

आक्का दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. त्या साली तिला अंगावरून जायचं, ओटीपोटात कळा यायच्या. एका खासगी दवाखान्यात डॉक्टरनं मशीन लावून सांगितलं, पिशवी खराब झाली, काढून टाका. टोळीचा मुकादम म्हणाला, दसऱ्याला गाड्या निघायच्या आत उरकून घ्या, फडात खाडे नकोत. नवरा म्हणाला, तुझं तू बघ. आक्का तेव्हा तिशीचीही नव्हती.

वाट तिची सासू दाखवत होती. आत्याबाई. हातात ओटीच्या सामानाची थैली, पायात झिजलेल्या वहाणा. टेकडीच्या माथ्यावरून लांब परळीच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. ती पाठीमागं गेली की रान सुरू होतं. उन्हाळ्यात हाच उतार हाडासारखा उघडा असतो. त्या दिवशी, भादव्यात, धावडा आणि सालईची झाडं डोक्यावर मिटली होती, सीताफळीच्या फांद्या गालाला लागत होत्या, आणि पायाखालचा पाला ओला असल्यामुळं आमच्या चालण्याचा आवाजच येत नव्हता.

मी बोलत राहिले.

"आक्का, दगडाला चिकटवलेलं फूल पडणारच. सीताफळ बी पडतं झाडावरनं. त्याला कुणी कौल म्हणतं का?"

"झालं का तुझ्या बापाचं पत्रक सुरू?" ती हसली. मग म्हणाली, "बये, डॉक्टर म्हनला काढ. मुकादम म्हनला काढ. आसरा निदान बाया हायत. त्यास्नी तरी इचारू दे."

मी पुढची फांदी तिच्यासाठी बाजूला धरली.

खाली उतरताना चिखलात हिरव्या बांगड्यांचे तुकडे दिसायला लागले. आधी एखादा, मग जागोजाग. पाखरं गप्प झाली होती. धबधबा दिसायच्या आधी त्याचा आवाज छातीत घुमला.

काळ्या कड्यावरून पाण्याची एकच अरुंद धार पडत होती. तिच्या पायथ्याशी शेंदूर फासलेले सात दगड, म्हणजे आसरा. मध्ये ओढा, आणि अलीकडं एक सपाट काळा खडक. आत्याबाई तिथं थांबल्या. थैली आक्काच्या हातात दिली आणि खडकावर बसल्या.

"तुमी जावा."

"कावून? तुमी न्हाई येत?" मी विचारलं.

"माझी काढलेली हाय. आमी तिकडं न्हाई येत."

आमी, म्हणाल्या त्या. खडकावर त्या एकट्याच होत्या.

ओढा ओलांडताना आक्कानं माझ्या कानाशी येऊन सांगितलं. पिशवी काढलेल्या बाईनं आसरांची ओटी भरायची नाही, दगडांना हात लावायचा नाही. वस्तीतल्या सगळ्या बायका भादव्यात एकत्र येतात तेव्हा तशा बाया त्या खडकावर बसून राहतात. आक्का लग्न होऊन आली त्या साली तिथं थोड्याच होत्या. आता खडक पुरत नाही, आणि दगडांपाशी मोकळी जागाच जागा असते.

मी मागं पाहिलं. खडक बसून बसून गुळगुळीत झाला होता. कडेला सुपारीची खांडं आणि मिश्रीचे डाग. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. त्यावरची पत्रकं मी लहानपणी घड्या घालून वाटली आहेत. तरी जे झालं ते लिहिते. मला त्या खडकाकडं पाठ करता येईना. गुडघे पोटाशी घेऊन कितीतरी जणी तिथं बसल्यात आणि आमच्याकडं बघतायत, असं वाटत राहिलं. मी आक्काच्या बाजूला आडवी उभी राहिले, एक डोळा तिकडं ठेवून.

तिनं खण ठेवला, तांदूळ वाहिले. ओढ्याकाठचं तेरड्याचं फूल ओल्या दगडाला चिकटवलं. उजवीकडं पडलं तर हो, डावीकडं पडलं तर नाही.

"आई, काढू का?"

फूल थरथरलं. सरकलं. उजवीकडं पडलं.

"झालं," आक्का म्हणाली. ती रडली नाही. पदरानं दगडावरचं पाणी पुसायला लागली, आणि दगड पुन्हा पुन्हा ओला होत राहिला.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं. शब्द कळले नाहीत, पाणी सगळं गिळत होतं. वळून पाहिलं तर आत्याबाई लुगडं वर खोचून ओढ्यातून आमच्याकडं येत होत्या.

"आत्याबाई, तुमी नका येऊ! तुमास्नी चालत न्हाई!" आक्का घाबरून किंचाळली.

त्या आल्या. फूल उचललं आणि स्वतःच्या हातानं दगडाला लावलं.

"आता इचार. ठिऊ का, म्हून इचार."

"आवं पर..."

"इचार, पोरी."

"आई, ठिऊ का?" आक्कानं दगडाकडं बघत विचारलं.

फूल उजवीकडं पडलं.

आत्याबाईंनी ते पुन्हा लावलं. काहीच विचारलं नाही. तरीही फूल उजवीकडंच पडलं.

"धार या अंगानं उडती, बघ." त्यांनी डावीकडून येणाऱ्या तुषारांत हात धरला. "डावा कौल येतोय कुटून? मी तिथं बसून बघत आले. एकीचाबी डावा आला न्हाई. माझाबी उजवाच आलता."

आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. "मग आजवर बोलला कावून न्हाईत?"

"बोल्ले की. घरी काढलेलीनं कौलाचं बोलायचं न्हाई, म्हून खडकावनं दरसाल वरडले." त्यांनी ओढ्यापलीकडच्या खडकाकडं मान केली. "तिथनं हाक हिकडं पोचती का?"

आम्ही चढून माथ्यावर आलो. परळीची धुराडी पुन्हा दिसली तेव्हा आक्का थांबली, म्हणाली, "अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात येशील का माज्यासंगं?"

आम्ही गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला काढायची का ठेवायची, असं विचारलं नाही. कधीपासून जातंय, फडात धुवायला पाणी असतं का, दिवस असताना मोळी उचलली होती का, हे विचारलं. तपासण्या झाल्या. संसर्ग होता. गोळ्या मिळाल्या, काही दिवसांनी परत बोलावलं. काढायची गरज नव्हती. आक्का दसऱ्यानंतर गोळ्या घेऊन तोडीला गेली. तिची कंबर अजून दुखते, आणि फडात पाणी अजून नसतं.

त्या भादव्यानंतर आत्याबाई खडकावर बसत नाहीत. दगडांपाशी उभ्या राहतात. दोघी-तिघींनी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. मी मात्र कुठल्याही गावात पारावर, दवाखान्याच्या ओसरीवर बायका ओळीनं बसलेल्या पाहिल्या की थबकते. त्यांचे ओठ हलत असतात आणि मला फक्त पाण्याचा आवाज येतो.

यावर मी पत्रक लिहिलं, वाटलं. लोक ते वाचतात, पण अशा बाईजवळ जाऊन कुणी बसत नाही. म्हणून तुमच्याकडं एकच मागणी आहे. गाड्या निघायच्या आत तुमच्या ओळखीतल्या अशा एका बाईकडं जा. तिला काढायला सांगितलं असेल तर तिच्याबरोबर दुसऱ्या डॉक्टरकडं, सरकारी दवाखान्यात जा. आणि जिची काढून झाली आहे, तिला विचारा, कुणी ठरवलं. ती लगेच बोलणार नाही. तिच्याजवळ बसा, ती बोलेपर्यंत उठू नका.