दक्षिणेचा बाक

काळेवाडीतल्या गॅरेजवाल्यानं परवा हात पुसून कापसाचा तेलकट बोळा बाजूला टाकला, आणि त्या वासासरशी मला सुनीताची वही आठवली. चाकणच्या कंपनीतली सकाळची शिफ्ट करून ती माझ्या इतिहासाच्या वर्गाला यायची. वहीला असाच वास असायचा.

त्या दिवशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका शिकवत होतो. कारखानदार उत्तरेला परदेशी मालावर जबर जकात हवी होती, कापूस विकून परदेशी माल घेणाऱ्या दक्षिणेला नको होती. वाद रंगावा म्हणून मी वर्गाचे दोन भाग केले. इथली, कारखान्यांच्या गावची मुलं उत्तर, मराठवाड्यातून आलेली दक्षिण. "तुमच्याकडं कापूस पिकतोच की," मी म्हणालो.

परभणीची सुनीता तेवढी उभीच राहिली. "सर, हे दक्षिणवाले तर कापसाचे मालक. माझी माय दुसऱ्याच्या रानात कापूस येचते. मी कोनत्या बाकावर बसू?"

वर्ग हसला. मीही हसलो. "बस गं कुठंही, नाटकच आहे."

ती तास संपेपर्यंत दाराशी उभी होती. अमेरिकेतला तो कापूस गुलाम वेचत होते, हे मला चांगलं माहीत होतं. त्यांच्यासाठी मी बाकच ठेवला नव्हता.