अर्धं मीठ

डोंबिवलीच्या प्रमोदिनीबाई गद्रे यांनी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्या तरी जित्याची खोड काही गेली नाही. सोसायटीच्या सभेत कुणी सन चुकवला की बाईंचा हात वर गेलाच. ठाण्यातल्या एका छोट्या संग्रहालयाने बालपाहुण्यांसाठी खेळ करायचे ठरवले, तेही मुलांकडूनच, आणि मदतीला बाईंना बोलावलं. काम सोपं होतं. मुलं सांगतील ते वहीत उतरवायचं, आपलं काही घुसडायचं नाही. इतरांना सोपं, बाईंना नव्हे.

कळव्याची पायल सातवीतली. तिची आजी विमलाबाई जन्मभर मिठागरात राबलेली. संग्रहालयात मीठ ओढायचं एक लाकडी फावडं होतं, त्यावरून पायलने खेळ रचला. पांढरे खडे म्हणजे मीठ; चिठ्ठ्या उचलत ते जमवायचे, ज्याची रास मोठी तो जिंकला. पण अवकाळी पावसाची चिठ्ठी निघाली की आपले सगळे खडे परत डब्यात.

"सगळे? अगं, मुलं हिरमुसतील. अर्धे राहू देत," बाई म्हणाल्या.

"पाऊस थोडीच अर्धं ठेवतो, बाई? सगळंच विरघळतं ना."

बाई कौतुकाने हसल्या आणि वहीत 'अर्धे' लिहून मोकळ्या झाल्या. खाली शेरा दिला, 'हा मुलांचा निर्णय'. छापायला तेच गेलं.

उद्घाटनाला पायल आजीला घेऊन आली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'नियम : पायल' असं होतं. नातीने वाचून दाखवल्यावर म्हातारीने त्या नावावरून बोट फिरवलं. मग खेळायला बसली. रास चांगली जमली होती, तेवढ्यात पावसाची चिठ्ठी निघाली. विमलाबाईंनी कुणाला न विचारता दोन्ही हातांनी सगळे खडे डब्यात लोटले.

"आजी, अर्धेच टाकायचे. नियम आहे," समोर खेळणारा आर्यन म्हणाला.

"अर्धे? असं कोण बोललं?"

पायलने एकदा बाईंकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "मीच."

"तू?" विमलाबाईंचा आवाज उतरला. "तुझ्या आज्याचं अख्ख्या हंगामाचं मीठ एका पावसानं नेलं. कितीदा सांगितलं गं तुला."

'तिने नाही, मी' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भोवती पालक होते, संग्रहालयाची माणसं होती. खरं बोला म्हणून वर्गाला बजावणाऱ्या बाई मूग गिळून बसल्या. रात्रभर त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संग्रहालयात कबुली दिली, नियम बदलून घेतला आणि कळव्याला जाऊन विमलाबाईंना सगळं सांगितलं. म्हातारी रागावली नाही. पाणी दिलं, बाईंचं पिऊन होऊ दिलं आणि मग विचारलं, "बाई, आमची पोर कधी खोटं बोलत नाय. काल ती कुणाला भ्यायली?"

प्रमोदिनीबाईंना उत्तर येत होतं. हात मात्र वर गेला नाही.