गाडा आमच्या दारात

दोर माझ्या बापाच्या अंगावर फेकला. हातात देत नसत. पारावर बसलेल्या पाटलानं नुसती हनुवटी हलवली आणि त्याच्या गड्यानं दोराचं वेटोळं लांबूनच भिरकावलं. ते बापाच्या छातीला लागून चिखलात पडलं.

"उचल," पाटील म्हणाला. "शिवेपार नेऊन सोड. मांगं वळून पाहू नको."

"जोहार, मायबाप." बाप वाकला आणि त्यानं दोर उचलला. तो हसत होता. मला सगळ्यात जास्त तेच झोंबलं. छातीवर वळ उठला असेल, पण माणूस हसत होता, कारण गाडा ओढायचा मान आमच्या घराचा होता.

मान कसला, ते सांगते. गावात पटकी आली की मरीमायचा लाकडी गाडा करायचा. त्यात लिंबाचा पाला, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात ठेवायचा. डफडं वाजवत तो शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे रोगराई त्याच्यासोबत निघून जाते. पलीकडच्या गावात गेली तर त्यांचं नशीब. आणि हा गाडा पिढ्यानपिढ्या आम्ही महारांनी ओढायचा. ओढणाऱ्याचं काय होतं, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

त्या वर्षी मात्र शिवेबाहेर आम्हीच राहत होतो.

पूर्णेच्या काठी आमचं गाव, अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागून. महारवाडा नदीच्या उतारावर, सगळ्यात खाली. गावाचं सांडपाणी आमच्याकडे यायचं, मग पूर का नाही येणार? भादव्यात तीन दिवस पावसानं उसंत दिली नाही. चौथ्या दिवशी सकाळी भाकर तव्यावर असताना पाणी उंबऱ्यात आलं. मी पहिलटकरीण, नवरा वारल्यावर पोटुशीच माहेरी परतलेली, मांडीवर दोन महिन्यांचं लेकरू. बारा घरं होती आमची. मातीच्या भिंती, दुपारपर्यंत विरघळून गेल्या.

आम्ही पळालो ते पाटलाच्या गढीमागच्या वखारीकडे. गावात तेवढीच जागा उंच, कोरडी, वर कवेलूंचं छप्पर. आत पाटलाचा कापूस होता. समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली होती म्हणे, त्यामुळे आमच्याकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. भाव आणखी चढेल म्हणून पाटलानं माल दाबून ठेवला होता. तरी अर्धी वखार रिकामी होती. मी ती उघड्या दारातून माझ्या डोळ्यांनी पाहिली. मायनं बाहेरूनच पदर पसरला. लेकराला तेवढं आत घ्या म्हणाली.

पाटील दारात आडवा उभा राहिला. "कापूस बाटते," म्हणाला.

तो कापूस मी वेचला होता. हे लेकरू पोटात असताना, बोंडांच्या टोकांनी बोटं फाटेस्तोवर वेचला होता. वेचताना नाही बाटला. डोक्यावरचं ओझं आणून अंगणात टाकलं तेव्हा नाही बाटला. पाऊस लागल्यावरच कसा बाटायला लागला? पण मी तेव्हा हे बोलले नाही. भिजत उभी राहिले, मग सगळ्यांच्या मागून निघून गेले. आजही त्याची मला लाज वाटते.

शेवटी शिवेपलीकडच्या टेकाडावर गेलो. मुरमाड जागा, काही पिकत नाही, म्हणून कोणाचा डोळा नव्हता तिच्यावर. पुरात वाहून आलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या आणि बाभळीच्या फांद्या गोळा करून खोपट्या उभ्या केल्या. गळायच्या, पण नदी तिथवर चढणार नव्हती.

पटकी आधी गढीत आली. हे मी ठासून सांगते, कारण गावात उलटं सांगतात. पुराचा गाळ पाटलाच्या विहिरीत उतरला होता. पहिली पाटलाची सून गेली, मग शेजारच्या आळीतली दोन माणसं, मग गावभर झालं. आमच्यात सगळ्यात शेवटी आली आणि माझी माय पडली. उलट्या, जुलाब, पायांत गोळे. कांद्याचा रस पाजत होतो, मग कांदेही संपले.

मग गावानं गाडा काढला. वरच्या गावची माणसं काठ्या घेऊन त्यांच्या शिवेवर बसली होती. खाली नदी. उरलं आमचं टेकाड. पाटलानं तिकडेच बोट केलं. पारावरच्या शहाण्यांपैकी एकही म्हणाला नाही की तिथं माणसं आहेत.

मी पारापासून लांब उभी होते. मायचं अंग गार पडत होतं म्हणून बापाला बोलवायला आले होते. दोर पडताना पाहिला, बोट पाहिलं, बापाचं हसू पाहिलं आणि माझं डोकं लख्ख झालं. रोग आमच्या दारात सोडायचा. तोही आमच्याच हातांनी ओढत न्यायचा. आणि वर त्याला मान म्हणायचं.

मी पळत पुढे गेले. शिवेच्या दगडाच्या अलीकडे, वाटेतच बसले. लेकरू मांडीवर.

गाडा आला. पुढे बाप, सोबत आमच्यातलेच तिघं, मागं डफडं, त्याच्या मागं लांबून चालणारं गाव.

"ऊठ, पोरी," बाप म्हणाला. "देवीची वाट हाये."

"कुठं नेऊन राहिला, बा?"

"शिवेपार."

"शिवेपार कोण रायते?"

मागून पाटील ओरडला, "काहून थांबला बे?"

बापानं हात उगारला. माझ्यावर. मी डोळे मिटले नाहीत.

"मार," मी म्हटलं. "पण मायच्या दारात हे नेऊ नको."

हात तसाच वर राहिला. बापानं टेकाडाकडे पाहिलं. आमच्या खोपटीच्या तोंडाशी माय आडवी पडलेली खालूनही दिसत होती. मग त्यानं दोर सोडला. त्याच्यासोबतच्या तिघांनीही सोडला.

"महाराची पोर देवीले अडवते?" पाटील लांबूनच गरजला. "गाव मरन तुह्यामुळं."

"मंग तुमी ओढा, पाटील. चार पावलं रायली."

कोणी पुढे आलं नाही. पन्नासेक माणसं असतील, डोक्याला पागोटी, हातात काठ्या. दोराला हात लावायची एकाची छाती झाली नाही, कारण ते काम त्यांनी आमच्यावर सोपवून ठेवलं होतं आणि स्वतः कधी शिकलेच नव्हते. डफडं थांबलं. एकेक करून गाव परत गेलं. गाडा शिवेच्या आत, त्यांच्याच बाजूला उभा राहिला आणि दहीभातावर मुंग्या लागल्या.

माय तिसऱ्या दिवशी गेली. गाडा अडवला म्हणून गेली, असं आमच्यातलेही काही म्हणाले. बाप माझ्याशी बोलेनासा झाला. गावानं भाकर बंद केली, वाट बंद केली. आम्ही नदीच्या वाळूत झिरा खणून पाणी प्यायलो आणि तरोट्याची भाजी उकडून खाल्ली. पाऊस ओसरला तशी पटकीही ओसरली. देवी कोपली की शांत झाली, मला माहीत नाही. माझं भांडण तिच्याशी नव्हतं.

कार्तिकात बोंडं फुटली. शेतं पांढरी झाली आणि वेचायला हात नव्हते. पाटलाचा गडी टेकाडाच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला.

"पाटलानं माफ केलं तुमाले," तो म्हणाला. "खाली उतरा. जुन्या जागी घरं बांधा आन् उद्यापासून वेचणीले या."

आमची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पोटात आग होती सगळ्यांच्या. बापानं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मायच्या मरणानंतर पहिल्यांदा बोलला. "सांग त्याले," म्हणाला.

"वेचणीले येऊ," मी म्हटलं. "पण घरं इथंच बांधू. ते कबूल असन तं सांगा, नाई तं कापूस झडू द्या."

"ही जागा का तुह्या बापाची हाये?"

"नदीनं घर नेलं तवा कुठं रायता म्हून इचाराले कोणी आलं नाई. आता जागा इचारून राहिले."

तो शिव्या देत गेला. पाटील माणसं घेऊन येणार, खोपट्या पेटवणार, हे आम्हाला ठाऊक होतं. मी लेकरू बापाच्या हातात दिलं, पहार घेतली आणि मुरमात घराच्या पहिल्या मेढीचा खड्डा खणायला लागले. त्यांनी पेटवलं तर पुन्हा बांधीन. माझं लेकरू त्या उतारावर वाढणार नाही.